लढाईत जायबंदी झालेल्या फौजीची पेन्शन: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी फौजेत क्लार्क होतो, बंदुकीपेक्षा कागदच जास्त हाताळले. आता साताऱ्याकडं गावी असतो आणि रविवारी सकाळी पडवीत दोन-चार जण प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन बसलेले असतात. कुणी स्वतः जखमी, कुणाचा नवरा, कुणाचा बाप. प्रश्न तेच तेच असतात म्हणून म्हटलं एकदाचं लिहून टाकू. आधी सांगतो, मी वकील नाही.

अपंगत्व पेन्शन आणि वॉर इंज्युरी पेन्शन एकच ना?

नाही हो, आणि सगळा घोळ इथंच होतो. दोन्हीत दोन तुकडे असतात. पहिला सर्व्हिस एलिमेंट, म्हणजे नोकरीची पेन्शन. दुसरा जखमेचा. तो दुसरा तुकडा साधा असेल तर त्याला डिसॅबिलिटी एलिमेंट म्हणतात आणि लढाईतल्या जखमेचा असेल तर वॉर इंज्युरी एलिमेंट. नावात थोडाच फरक वाटतो पण पैशात दुप्पट किंवा तिपटीहून जास्त फरक पडतो, हिशोब खाली दिलाय.

कुणाला कुठला तुकडा मिळणार हे जखम किती मोठी आहे यावर ठरत नाही, ती कशी झाली यावर ठरतं. पाय गेला तो पलटणीच्या गाडीच्या अपघातात की सुरुंगात, हा प्रश्न. संरक्षण मंत्रालयाचं 31 जानेवारी 2001 चं पत्र आहे, त्यात ए ते ई अशा पाच कॅटेगरी पाडल्यात. ए म्हणजे नोकरीशी संबंध नसलेलं कारण, बी म्हणजे नोकरीमुळं झालेला किंवा वाढलेला आजार, सी म्हणजे ड्युटीवरचा अपघात, आणि वॉर इंज्युरीवाल्यांनी बघायची ती ई. ई मध्ये शत्रूची कारवाई, बॉर्डरवरची चकमक, अतिरेक्यांविरुद्धची कारवाई, सुरुंग पेरताना किंवा काढताना झालेला स्फोट, परदेशात शांतिसेनेत असताना झालेली कारवाई, एवढंच काय खऱ्या दारूगोळ्यावर लढाईचं ट्रेनिंग चालू असताना लागलेली गोळीसुद्धा येते. हे शेवटचं बऱ्याच जणांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं युद्ध झालं तरच वॉर इंज्युरी.

टक्के कोण ठरवतं?

मेडिकल बोर्ड. जखमेमुळं नोकरी मधेच सोडावी लागली तर इनव्हॅलिडिंग बोर्ड, आणि मुदत पूर्ण करून घरी येताना रिलीज मेडिकल बोर्ड. बोर्ड दोन गोष्टी लिहितं, टक्के किती आणि कारण नोकरीशी जोडलेलं आहे की नाही. लोक घरी येऊन फक्त टक्के सांगतात, "मला चाळीस टक्के दिलेत", आणि दुसरी ओळ वाचतच नाहीत. कारणाच्या ओळीत ना नोकरीमुळं झालं ना नोकरीमुळं वाढलं असा शेरा पडला की चाळीस काय अन् ऐंशी काय, जखमेचा तुकडा शून्य. फौजेत त्या शेऱ्याला, त्याच्या इंग्रजी शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून, नाना म्हणतात, नावावरून गोड वाटतं पण लई वाईट.

साध्या अपंगत्व पेन्शनसाठी किमान 20 टक्के लागतात. पण माणसाला अपंगत्वामुळं फौजेनंच बाहेर काढलं असेल तर 20 पेक्षा कमी लिहिलं तरी ते 20 च्या वरच धरायचं असं सुप्रीम कोर्टानं सुखविंदर सिंग केसमध्ये 2014 ला म्हटलंय. बरोबरच आहे, नोकरीला नालायक ठरवण्याइतका जायबंदी माणूस वीस टक्क्यांचाही नाही, हे कुठलं गणित.

माझे 40 टक्के आहेत, आणि शेजारच्या गावातला म्हणतो तुला 50 चे पैसे मिळायला पाहिजेत. खरं का?

खरं आहे. याला ब्रॉडबँडिंग म्हणतात. 50 च्या खाली असेल तर 50 धरायचे, 50 ते 75 असेल तर 75, आणि 76 ते 100 असेल तर 100. आधी सरकार म्हणत होतं हे फक्त मधेच बाहेर काढलेल्यांना, मुदत पूर्ण करून आलेल्यांना नाही. मग 10 डिसेंबर 2014 ला सुप्रीम कोर्टानं राम अवतार केसमध्ये निकाल दिला की मुदत पूर्ण करून आलेल्यालाही मिळालं पाहिजे. निकाल लागला म्हणून पैसे आपोआप आले असं समजू नका, कितीतरी लोकांना त्यानंतरही ट्रिब्युनलची, म्हणजे फौजींच्या केसेस चालवणाऱ्या कोर्टाची, ऑर्डर आणावी लागली. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजूर झाल्याचा कागद, काढा आणि अपंगत्वाच्या समोर 40 लिहिलंय का 50 ते आजच बघा.

हिशोब नीट सांगा की, नुसते तुकडे तुकडे काय करताय?

सांगतो. समजा शेवटचा पगार 40 हजार, बोर्डानं 40 टक्के दिले आणि ब्रॉडबँडिंगनं ते 50 झाले.

सर्व्हिस एलिमेंट पगाराच्या निम्मा, म्हणजे 20 हजार.

आता जखमेचा तुकडा. साधं अपंगत्व असेल तर 100 टक्क्यांना पगाराच्या 30 टक्के हा दर आहे, तुमचे 50 म्हणजे त्याचं अर्धं, 6 हजार. एकूण 26 हजार.

तीच जखम लढाईतली असेल आणि तुम्ही नंतर नोकरी पूर्ण करून आला असाल तर दर 60 टक्के आहे, म्हणजे 12 हजार, एकूण 32 हजार. आणि त्या लढाईतल्या जखमेमुळं मधेच घरी पाठवलं असेल तर दर 100 टक्के आहे, म्हणजे 20 हजार, एकूण 40 हजार. शिवाय अशा माणसाची सर्व्हिस मोजताना तो त्या रँकमध्ये नेहमीसारखा रिटायर झाला असता त्या तारखेपर्यंतची धरतात, म्हणजे सातव्या वर्षी पाय गेला म्हणून सातच वर्षांची पेन्शन असं होत नाही.

तोच पाय, तेच टक्के, पण 26 हजार की 40 हजार हे कागदावरच्या एका ओळीवर ठरतं. या सगळ्यावर महागाई रिलीफ वेगळा लागतो, तो नोकरीच्या तुकड्यावर पण आणि जखमेच्या तुकड्यावर पण.

ती ओळ नेमकी कुठल्या कागदावर असते?

एका नाही, तीन-चार कागदांवर असते आणि ते एकमेकांशी जुळावे लागतात. जखम झाली की युनिटमध्ये इंज्युरी रिपोर्ट भरतात, त्याचा फॉर्म आयएएफवाय 2006. मग बहुतेक वेळा कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. बॅटल कॅज्युअल्टी (लढाईतला जखमी) की फिजिकल कॅज्युअल्टी (इतर कारणानं जखमी) ते ठरतं आणि त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या रेकॉर्डवरची नोंद, निघते. मग बोर्डाचे कागद, आणि शेवटी पीपीओ.

एक उदाहरण देतो. श्रीलंकेत 1987 ला ऑपरेशन पवनमध्ये खुब्यात स्प्लिंटर घुसलेले एक अण्णा माझ्याकडं आले, तीस वर्षं साधी अपंगत्व पेन्शन घेत होते. मी म्हटलं ट्रंक उघडा. पत्र्याची काळी ट्रंक, वर पांढऱ्या रंगानं नंबर, रँक, नाव. आत सगळ्यात खाली, मेडलच्या डबीखाली, पोराच्या लग्नपत्रिकेत घडी घालून ठेवलेला पार्ट टू ऑर्डरचा पिवळा पडलेला कागद निघाला, कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण मधे बॅटल कॅज्युअल्टी स्पष्ट टाइप केलेलं. पीपीओ बनवताना कुणीतरी ते बघितलंच नव्हतं. कुठल्या ऑफिसची चूक ते सांगत बसत नाही, पण तो कागद जोडून अर्ज केला आणि पीपीओ दुरुस्त होऊन आला. अण्णांनी आधी विचारलं काय तर "ह्यात माझी आधीची पेन्शन तर बंद नाय ना होणार?" ही भीती लई जणांना असते. हक्काचा अर्ज केला म्हणून चालू पेन्शन बंद होत नाही.

कागद हरवलेत. आता?

रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महारचं सागरला मध्य प्रदेशात, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, ईएमईचं सिकंदराबादला. आर्मी नंबर, भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख लिहा आणि बोर्डाच्या कागदांची आणि इंज्युरी रिपोर्टची कॉपी मागा. नुसतं विनंतीपत्र पाठवून उत्तर येत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाका, मग ऑफिस हलतं.

पण उशीर करू नका. ज्यांना पेन्शन लागलेलीच नाही त्यांचे कागद साधारण 25 वर्षांनी नष्ट करतात, मग ट्रिब्युनलमध्ये सरकारचा वकील शांतपणे सांगतो की रेकॉर्ड उपलब्ध नाही.

आणि हात जोडून सांगतो, डिस्चार्ज बुक लॅमिनेशन करू नका. एका काकूंनी प्रेमानं केलं, आतली शाई उडाली, कारणाचा कॉलम कोरा झाला.

मला जखम नाही, आजार झालाय. बीपी, शुगर, मनाचा त्रास. मिळेल का?

वॉर इंज्युरी नाही, पण साधी अपंगत्व पेन्शन मिळू शकते. यात धरमवीर सिंग हा 2013 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल कामाचा आहे. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी तुम्हाला धडधाकट म्हणून घेतलं आणि त्या आजाराची नोंद केली नाही, तर तो आजार नोकरीतच झाला असं धरायचं, आणि नाही असं म्हणायचं असेल तर कारण फौजेनं दाखवायचं.

मात्र 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम आलेत, त्यानंतर रिटायर होणाऱ्यांना ते लागू आहेत. त्यात बरंच काही आवळलंय, आणि अपंगत्व येऊनही नोकरीत राहिलेल्यांच्या तुकड्याचं नावच बदलून इम्पेअरमेंट रिलीफ केलंय. त्यामुळं आधी घरी आलेल्या मित्राचा पीपीओ समोर ठेवून स्वतःचा हिशोब करू नका.

मी स्वतःहून अर्ज करून लवकर घरी आलो. म्हणून जखमेचे पैसे नाहीत असं ऑफिसवाला म्हणाला.

1 जानेवारी 2006 नंतर स्वतःहून आला असाल तर तो चुकीचं सांगतोय, 2009 साली त्याचं पत्र निघालंय. त्याच्या आधी आलेल्यांनाही ट्रिब्युनलनं दिल्याच्या ऑर्डरी आहेत. फक्त एक बघा, जखम झाल्यावर नोकरीत राहताना तुम्ही महिन्याच्या पैशांऐवजी एकरकमी रक्कम घेतली होती का. घेतली असेल तर तो तुकडा पुन्हा मिळत नाही. कितीतरी जण त्या काळी घर बांधायला ते पैसे घेऊन मोकळे झाले आणि आता विसरलेत.

रिजेक्ट झालं. पुढं काय?

पहिलं अपील, मग दुसरं अपील, दोन्ही फौजेतच. दोन्हीकडं नाही म्हटलं की आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल. कायदा 2007 चा, काम सुरू झालं 2009 ला, आणि आपल्यासाठी मुंबईचं बेंच आहे, गोव्याचेही तिथंच जातात. वकील लागतोच असं नाही, स्वतः उभं राहता येतं, पण मी म्हणेन फौजीच्या केसेस करणारा वकील घ्या आणि फी आधी कागदावर ठरवा. मिळालेल्या थकबाकीतला अर्धा हिस्सा मागणारे महाभाग आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

खरं तर रिजेक्ट झाल्यावर सहा महिन्यांत जायचं असतं. पण पेन्शन दर महिन्याला कमी मिळते म्हणजे चूक दर महिन्याला नव्यानं होते असं कोर्ट मानतं, त्यामुळं उशिरा गेलात तरी दार बंद नाही. मात्र थकबाकी केस टाकायच्या आधीच्या तीनच वर्षांची मिळते, 2008 चा तर्सेम सिंग निकाल. म्हणजे बघू नंतर, पोराचं लग्न झाल्यावर, असं म्हणत घालवलेलं प्रत्येक वर्ष खिशातून जातं.

माझं मत विचाराल तर सरकारनं या लोकांविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत अपिलं करायची हौस कमी केली तर बरं होईल. 2018 हे वर्ष आर्मीनं ड्युटीवर जायबंदी झालेल्या जवानांचं वर्ष म्हणून पाळलं, बॅनर छान होते, पण निम्मे प्रश्न टायपिंगच्या चुका सुधारून सुटले असते.

स्पर्शवर हयातीचा दाखला कसा द्यायचा? बाबांचा अंगठा लागत नाही.

पेन्शन आता प्रयागराजच्या ऑफिसातून स्पर्श पोर्टलवरून येते, बँकेत फक्त जमा होते, त्यामुळं बँकेत जाऊन भांडण्यात काही अर्थ नाही. हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यायचा. म्हाताऱ्या माणसाचे ठसे झिजलेले असतात, आणि ज्याचे हातच जायबंदी आहेत त्याला अंगठा लाव म्हणणं म्हणजे चेष्टा आहे. जीवन प्रमाण, म्हणजे हयातीच्या दाखल्याची सरकारी ऑनलाइन सोय, त्यात मोबाइलवर चेहरा दाखवून होतं. सकाळी अंगणात उजेडाकडं तोंड करून बसवा, चष्मा काढा, डोळ्यांची उघडझाप करायला लावा. आमच्या वाडीत एका आजोबांना मोबाइलचा कॅमेरा बघून सॅल्यूटच मारायचा असायचा, हात मधे यायचा, चौथ्या वेळेला झालं.

जमत नसेल तर सीएससी, म्हणजे गावातल्या सरकारी ऑनलाइन सेवा केंद्रावर जा. आणि त्याच वेळी स्पर्शमधला डेटा वाचा. जुनी पेन्शन पोर्टलवर हलवताना पत्नीची जन्मतारीख गायब, नावातला राव उडालेला, ब्रॉडबँडिंग न चढलेलं असं बरंच सापडतं. नवरा असेपर्यंत हे दुरुस्त करणं सोपं असतं, त्याच्या मागं बाईला नको नको होतं.

100 टक्के अपंगत्व आहे, सतत कुणीतरी जवळ लागतं. त्याचे वेगळे पैसे मिळतात का?

हो, कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स. सातव्या वेतन आयोगानंतर 1 जुलै 2017 पासून तो महिना 6,750 रुपये केला आणि महागाई भत्ता ठराविक टप्प्यावर गेला की वाढतो. पण तो आपोआप मिळत नाही, मेडिकल बोर्डानं मदतनीस लागतो असं लिहावं लागतं. तिथंच विचारा, बाहेर आल्यावर नाही.

या पेन्शनवर इन्कम टॅक्स लागतो का?

अपंगत्वामुळं फौजेनं बाहेर काढलेला असेल तर दोन्ही तुकड्यांवर माफी असते, नोकरीच्या आणि जखमेच्या. मुदत पूर्ण करून आलेल्यांना ती माफी नाही असं 24 जून 2019 च्या परिपत्रकात म्हटलं आणि तिथून भांडण सुरू झालं. या गटात असाल तर रिटर्न भरायच्या आधी फौजी पेन्शनरांचं काम करणाऱ्या सीएला पीपीओ दाखवा. पीपीओ म्हटलं, व्हॉट्सअॅपवर आलेला मेसेज नाही.

महाराष्ट्र सरकार वेगळं काही देतं का?

देतं, आणि ते पेन्शनपेक्षा वेगळं आहे. राज्यातला जवान युद्धात किंवा मोहिमेत जायबंदी झाला तर एकरकमी मदत असते, 2019 ला ती वाढवली. अपंगत्व 25 टक्क्यांपर्यंत असेल तर 20 लाख, 26 ते 50 ला 34 लाख आणि 51 च्या पुढं 60 लाख. याचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण ऑफिसातून जातो. इथंही टक्क्यांपेक्षा कारण आधी बघतात, म्हणून बॅटल कॅज्युअल्टीचा कागद पुन्हा वर येतो.

घरपट्टी माफ होते, माजी सैनिकांसाठी 2020 पासून बाळासाहेब ठाकरेंच्या नावानं योजना आहे. ग्रामसेवकाला माहीत नसेल तर भांडू नका, जीआरची प्रिंट घेऊन जा.

आमचा पोरगा अग्निवीर आहे. त्याला काही झालं तर?

त्याला ही पेन्शन नाही, हे स्पष्ट सांगतो, गोड बोलण्यात अर्थ नाही. नोकरीमुळं अपंगत्व आलं तर एकरकमी मिळतात, 100 टक्क्यांना 44 लाख, 75 ला 25 लाख, 50 ला 15 लाख. सीआरपीएफ, बीएसएफ वाल्यांचे नियम वेगळे आहेत आणि त्यांची केस या ट्रिब्युनलमध्ये चालत नाही, त्यांनी वरचा हिशोब स्वतःला लावू नये.

उपचार, नकली पाय, पुढचं काम, हे कुठं बघायचं?

पुण्यात. आर्टिफिशियल लिंब सेंटर 1944 पासून आहे. खडकीला क्वीन मेरी इन्स्टिट्यूटमध्ये जायबंदी जवानांना काम शिकवतात, ते 1917 ला पहिल्या महायुद्धातल्या जखमींसाठी सुरू झालं होतं. कंबरेखाली लुळे पडलेल्यांसाठी खडकीलाच पॅराप्लेजिक सेंटर आहे. आपल्या सांगलीचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या खाऊन आले आणि 1972 ला हायडेलबर्गला पोहण्यात पॅरालिम्पिकचं सुवर्ण आणलं. पद्मश्री मिळाली 2018 ला, म्हणजे सेहेचाळीस वर्षांनी. पेन्शनीच्या अर्जाला उशीर झाला म्हणून कुणी कुरकुर केली की मी हे सांगतो, ते हसतात.

नवरा गेला. जखमेचे पैसे बंद झाले. बरोबर आहे का?

जखमेचा तुकडा त्याच्याबरोबर थांबतो, पण फॅमिली पेन्शन लागते. साधी असेल तर पगाराच्या 30 टक्के. मृत्यू त्याच जखमेमुळं किंवा त्याच आजारामुळं झाला असेल तर स्पेशल फॅमिली पेन्शनचा दावा होतो, तिथं 60 टक्के. म्हणून डॉक्टरांना मृत्यूचं कारण लिहिताना जुन्या जखमेबद्दल आवर्जून सांगा, कागद दाखवा. दुःखाच्या वेळेला हे बोलायला जीभ रेटत नाही हे मला कळतं, म्हणून घरातल्या दिरानं किंवा मुलानं बोलावं. हॉस्पिटलनं नुसतं हृदय बंद पडलं असं लिहून दिलं की वहिनींच्या हातात तेवढंच राहतं, आणि रविवारी त्या माझ्या पडवीत येऊन विचारतात, भाऊजी, ह्यात काय बदल करता येईल का.